प्रोफाइल ऐंशी टक्के

आमचे भावोजी येत्या मार्चमध्ये त्रेपन्न वर्षांचे होतील आणि मोठेपणी काय व्हायचं, हे त्यांचं अजून ठरायचंय. टिंगल करत नाही. लिंक्डइनवर स्वतःच्या नावाखाली त्यांनी साधारण याच अर्थाचं काहीतरी लिहून ठेवलंय. इंग्रजीत असल्यामुळे ते भारदस्त वाटतं, एवढंच. नाशिकला सिडकोत स्वतःचं घर, हप्ते फिटलेले, मुलगी पुण्यात नोकरीला, स्वतः एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. अशा स्थितीतला माणूस संध्याकाळी मालिका बघतो, गोदाकाठी चक्कर मारतो, नाहीतर पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. भावोजी करिअर प्लॅनिंग करतात. मुलीचं नव्हे, स्वतःचं.

साडेसहाला ते कचेरीतून येतात, हातपाय धुतात आणि चहाचा कप घेऊन डायनिंग टेबलाच्या एका टोकाला बसतात. समोर मुलीचा जुना लॅपटॉप. त्याचं 'एन'चं बटण निघून गेलंय, तिथे काडेपेटीतल्या काडीने टोचावं लागतं. डाव्या हाताला फुलस्केप वही, उजव्या हाताला फोन, खिशाला तीन रंगांची पेनं. निळं पेन 'गोल' लिहायला, लाल 'गॅप' लिहायला आणि हिरवं 'पूर्ण झालं' अशी खूण करायला. त्यातलं हिरवं ताईने दुधाच्या हिशेबाला पळवलं, ते कित्येक महिने भावोजींच्या लक्षात आलं नाही.

वही दर नव्या कोर्सला नवी लागते. पहिल्या पानावर कोर्सचं नाव, दुसऱ्यावर पट्टीने आखलेलं वेळापत्रक, तिसऱ्या-चौथ्यावर सुवाच्य अक्षरात नोट्स. पाचव्या पानापासून वही ताईच्या किराणा-याद्यांची होते, कधीकधी नोट्सची पानंही. कोपऱ्यावरच्या वाण्याला त्यामुळे न्यूरल नेटवर्क म्हणजे काय हे थोडंथोडं कळू लागलंय. "वहिनी, यादीच्या मागचं अर्धंच आहे," असं तो एकदा म्हणाला होता.

घरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "अगं, ओटीपी आला का?" भावोजींचा जुना नंबर कधीच बंद पडला, त्यामुळे निम्मी खाती ताईच्या नंबरावर आहेत. ताई कणीक मळत असते. हात पुसून, चष्मा शोधून ती सहा आकडे ओरडून सांगेपर्यंत मुदत संपलेली असते. "थांब, रिसेंड करतो," भावोजी शांतपणे म्हणतात. शिवणकामापासून सायबर सुरक्षेपर्यंत कित्येक विषयांच्या शुभेच्छा ताईला मेसेजवर येत असतात. तिने एकही वाचलेली नाही.

त्यांचं स्वतःचं लाडकं वाक्य मात्र "एनरोल करून ठेवलंय" हे. तुम्ही कुठल्याही विषयाचं नाव काढा. डेटा सायन्स? एनरोल करून ठेवलंय. जीएसटी? ठेवलंय. मधमाशीपालन? "जानेवारीच्या बॅचला ठेवलंय." का, म्हणून विचारलं तर "काय जातंय?" असा उलट प्रश्न येतो, आणि खरोखरच काही जात नसल्यामुळे आपण गप्प बसतो. दुसरं वाक्य जरा वजनदार आहे: "आधी दिशा, मग वेग." हे ते गाडी चालवतानाही म्हणतात आणि चौकात थांबून राहतात.

या सगळ्याचं मूळ, माझ्या मते, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डात आहे. भावोजी बारावी झाले तेव्हा करिअर निवडायची रीत सोपी होती. वडील शेजाऱ्यांना विचारायचे, शेजारी आपल्या साडूच्या मुलाचं उदाहरण द्यायचे आणि पोरगा कॉमर्सला जायचा. मग सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपायचं, मुदत आली की रांग लावून त्याचं नूतनीकरण करायचं आणि दर आठवड्याला 'एम्प्लॉयमेंट न्यूज' उघडून पात्रतेचे रकाने वाचायचे. वय बसतंय का, टक्के बसतायत का, टायपिंग झालंय का, एवढेच प्रश्न. तुला काय आवडतं, हे भावोजींना घरात, शाळेत, कॉलेजात, नोकरीत कुणीही विचारलं नव्हतं. ते पहिल्यांदा विचारलं एका वेबसाइटने. तोवर त्यांना वाचायचा चष्मा लागला होता.

पण त्याआधी एमएस-सीआयटी येऊन गेलं होतं. २००१ च्या सुमारास सुरू झालेला हा कोर्स महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने वेतनवाढ वाचवण्यासाठी केला, आणि निकाल लागल्यावर त्यातल्या पुष्कळांनी माउसकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. भावोजींना तो चक्क आवडला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून शोकेसमध्ये, काश्मीरहून आणलेल्या शिकाऱ्याच्या शेजारी, अजून उभं आहे.

२०१७ साली केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सांचं 'स्वयम' सुरू झालं आणि भावोजींच्या संध्याकाळी त्यात गेल्या त्या गेल्याच. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञानसंस्था यांचं 'एनपीटेल' तर २००३ पासूनचं. तेही आता तिथेच सापडतं. खरगपूरचा प्राध्यापक आपल्या डायनिंग टेबलावर येऊन शिकवतो आणि पैसे मागत नाही, याचं अप्रूप त्यांना अजून ओसरलेलं नाही. व्हिडिओ ते सव्वापट वेगाने लावतात. ताईला स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकू येतो, त्यामुळे आयआयटीतले सगळे प्राध्यापक कुणावर तरी चिडलेले असतात अशी तिची समजूत आहे.

या कोर्सांमध्ये 'वीक झिरो' नावाचा एक प्रकार असतो. खरा अभ्यास सुरू होण्याआधी जुनी उजळणी म्हणून एक असाइनमेंट देतात. तिचे मार्क कुठेही धरत नाहीत. या शून्याव्या आठवड्यात भावोजींचा हात धरणारा भारतात कुणी नसेल. पैकीच्या पैकी, तेही पहिल्या दिवशी. पहिल्या आठवड्यातही बरं चालतं. पुढे असाइनमेंटची मुदत येते, बुधवारी रात्री ११:५९ ची, आणि नेमक्या त्याच बुधवारी कुणाची तरी साठीशांत, कुणाचा साखरपुडा, नाहीतर कचेरीत ऑडिट निघतं. पुढच्या सत्रात पुन्हा नाव घालतात. वीक झिरो पुन्हा पैकीच्या पैकी.

मध्यंतरी त्यांनी मला उत्साहाने फोन केला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या फुकट ऑनलाइन कोर्सांचा कुणीतरी अभ्यास केला होता. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या दर शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला, असं त्यात निघालं होतं. "म्हणजे बघ," भावोजी म्हणाले, "आंतरराष्ट्रीय पातळीवर मी सत्त्याण्णव टक्क्यांत आहे."

तुला काय आवडतं, हे भावोजींना पहिल्यांदा विचारणारी ती वेबसाइट म्हणजे अमेरिकेच्या कामगार खात्याची 'ओ-नेट'. तिच्यावर माणसाचा कल तपासायची एक चाचणी आहे. जॉन हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडणी केली की माणसांचे आणि कामांचे सहा ढोबळ प्रकार असतात: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, लोकांत रमणारे, उद्योगी आणि नीटनेटकं, नियमाने काम करणारे. त्यावर बेतलेले साठ प्रश्न. समोर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपल्याला जो लागू असेल तो दाबायचा. सुरुवातीलाच सांगतात की शिक्षण किती लागेल, पगार किती मिळेल याची चिंता करू नका, काम आवडेल का तेवढंच सांगा. भावोजी या सूचनेपाशी बराच वेळ थांबले.

ज्या रविवारी त्यांनी ही चाचणी दिली, तेव्हा मी तिथेच होतो. प्रश्न मोठ्याने वाचले जात होते.

"स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का?"

"आधी ती मांडणी भिंतीला ठोका," आतून ताई.

"मत्स्यबीज केंद्रात मासे वाढवायला आवडेल का?" इथे अडलं. भावोजी माळकरी. वाढवायला काहीच हरकत नव्हती, पण वाढल्यावर त्या माशांचं पुढे काय करतात हे प्रश्नात नव्हतं. शेवटी मधला, ना हसणारा ना रडणारा चेहरा दाबला. ग्रहांच्या गतीचा अभ्यास: हसरा. नवीन औषध शोधणं: हसरा. नाटकं-पुस्तकं लिहिणं: जरा लाजून, हसरा. फॉर्म आणि नोंदी वाचून चुका काढणं: हा प्रश्न त्यांनी वाचलाच नाही, बोट आपोआप सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर गेलं.

निकाल आला. सहांत सगळ्यात वर नियमाने काम करणारे. खाली शोभतील अशा नोकऱ्यांची यादी: फाइल क्लार्क, लायसन्स क्लार्क, कोर्ट क्लार्क.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं जी खुर्ची सोडायचे बेत चालले होते, तिच्यावरच अमेरिकेच्या सरकारने त्यांना परत नेऊन बसवलं होतं. "टेस्ट अमेरिकन लोकांसाठी आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा दिली, आणि या वेळी बोटाला लगाम घालून कलेच्या प्रत्येक प्रश्नाला हसरा चेहरा दिला. आता यादीत कवी आणि गीतकार आले. त्यांच्यापुढे चक्क पगार दिला होता, डॉलरमध्ये. भावोजींनी तो आजच्या भावाने गुणला आणि मला आकडा सांगितला. नाशिकमध्ये एवढे कवी आहेत, त्यांना हे कुणीच कसं कळवलं नाही, असं मला वाटून गेलं.

त्याच झपाट्यात त्यांनी आपल्या आईचीही चाचणी घेतली. वय ऐंशीच्या पुढे. प्रश्न मराठीत करून सांगायचे, त्या मान हलवायच्या. दुकान चालवायला आवडेल का? हो. माल विकायला? हो हो. माणसांकडून काम करून घ्यायला? "आवडेल म्हणजे काय, तेच करत आले." उद्योगी प्रकारात त्यांचा आकडा भावोजींच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा निघाला. एकेकाळी चाळीतल्या बायका जमवून त्या पापड-कुरडया करून विकायच्या. सासऱ्यांना आवडेना म्हणून बंद केलं. निकाल ऐकून म्हणाल्या, "हे तेव्हा सांगायचं होतंस." मग भावोजींना त्यांनी दोन लिंबं आणायला बाजारात पिटाळलं.

नवं शिक्षण धोरण तर भावोजींना पाठ आहे. पदवीचं एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षं केलं तर डिप्लोमा, कधीही बाहेर पडा, कधीही आत या. "मी हे आधीपासून करतोय," असं त्यांचं म्हणणं. २०२१ मध्ये क्रेडिट साठवायची बँक निघाली तेव्हा त्यांनी लगेच खातं उघडलं. ताईने व्याज किती म्हणून विचारलं. व्याज नाही, पण साठवलेलं क्रेडिट सात वर्षं टिकतं, असं त्यांनी समजावलं. सध्या खात्यात शिल्लक शून्य आहे, तेव्हा ते सात काय सत्तर वर्षं टिकेल. २०२२ च्या एप्रिलमध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली, त्या दिवशी तर घरात पेढे आले होते. कोणत्या दोन, हे अजून ठरायचंय.

कुठल्याही पोर्टलवर त्यांची प्रोफाइल ऐंशी टक्के पूर्ण असते. नाव, पत्ता, दहावीचे मार्क, रक्तगट, सगळं भरलेलं. 'आपलं उद्दिष्ट' हा रकाना आला की ते 'सेव्ह ॲज ड्राफ्ट' करतात आणि दिवा घालवून झोपायला जातात.

लिंक्डइनने मात्र एकदा घोटाळा केला. फोटोभोवती हिरवं कडं लावायची सोय तिथे आहे. 'मी काम शोधतोय' असा त्याचा अर्थ. भावोजींना रंग आवडला, लावलं. चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "काही अडचण आहे का? पैशांची वगैरे?" सरकारी कचेरीतला माणूस निवृत्तीला पाच वर्षं असताना नोकरी शोधतोय म्हटल्यावर कुणीही घाबरेल. भावोजींनी साहेबांना स्किल गॅप, लाइफलाँग लर्निंग वगैरे समजावून सांगितलं. बाहेर आले तेव्हा साहेबांचं एनरोल करून झालं होतं.

अलीकडे एआय आल्यापासून मात्र ते थोडे उदास असतात. मुलीने सुट्टीत शिकवलं: आपलं वय, शिक्षण, आवड सांगायची आणि आराखडा दे म्हणायचं. दहा सेकंदांत चोवीस आठवड्यांचा तक्ता आला. आठवड्यागणिक विषय, वाचायची पुस्तकं, मध्ये उजळणी, शेवटी प्रकल्प. भावोजींना असा तक्ता करायला तीन रविवार आणि एक पट्टी लागते. ते त्याच्याकडे बघत राहिले. "हे सगळं यानेच केलं," ते म्हणाले, "तर मी काय करायचं? नुसता अभ्यास?"

तरी एक कोर्स त्यांनी तडीला नेलाय, हे सांगायला हवं. एनपीटेलचा, सॉफ्ट स्किल्सचा. शिकणं फुकट असलं तरी सर्टिफिकेट हवं तर हजार रुपये भरून परीक्षा केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. केंद्र होतं एका इंजिनिअरिंग कॉलेजात. फाटकावरच्या माणसाने त्यांना अडवलं: "पालकांनी बाहेर थांबायचं, काका." भावोजींनी हॉल तिकीट दाखवलं. आत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांमध्ये बसून त्यांनी पेपर दिला, शेजारच्या मुलाला रफ कामाला पेन दिलं आणि अठ्ठावन्न मार्क मिळवले. साठाला 'एलिट' लिहून येतं. "एलिट दोन मार्कांनी हुकलं," हे ते अजून सांगतात, आणि दरवेळी आवाजात हळहळीपेक्षा अभिमान जास्त असतो. सॉफ्ट स्किल्सचा घरात काही फरक पडला का, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "ओटीपी मागताना आता प्लीज म्हणतात."

आता दुसरी गोष्ट. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी दहावी पास होत्या, आणि अंगणवाडी सेविकेला बारावी लागते. वर्षानुवर्षं त्या हे फक्त बोलून दाखवायच्या. एका संध्याकाळी भावोजींनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. शाळा सोडल्याचा दाखला सापडत नव्हता. तो मावशींच्या माहेरच्या शाळेतून मिळवला. आधारवर आडनाव सासरचं, मार्कशीटवर माहेरचं. त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. फोटो मोठा होतोय म्हणून पोर्टल घेईना, तर तो कमी केबीचा करून दिला. फॉर्म तीनदा वाचला, चौथ्यांदा वाचून एक चूक काढली. मावशी बारावी झाल्या. अंगणवाडीची जागा अजून निघायची आहे, पण मार्कशीट त्यांच्या पर्समध्ये असते.

मग वॉचमन आला. त्याला मुक्त विद्यालयाची दहावी समजावली: पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत जा, कुणी मागे लागत नाही. इस्त्रीवाल्याच्या मुलीला ते स्कूटरवर बसवून गोवर्धनला मुक्त विद्यापीठात घेऊन गेले. १९८९ पासूनचं ते विद्यापीठ. त्याच्या माहितीपुस्तिका भावोजींच्या माळ्यावर वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत, आणि कुठल्या शिक्षणक्रमाचं अभ्यासकेंद्र कुठे, हे तिथल्या खिडकीवर विचारण्यापेक्षा भावोजींना विचारलेलं लवकर होतं. ती मुलगी आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या लोकांना कल, गॅप, पाथवे यातलं भावोजी काही सांगत नाहीत. फॉर्म भरतात, शेवटची तारीख सांगतात, आणि तारखेच्या आदल्या रात्री आठवणीने फोन करतात.

अमेरिकेच्या कामगार खात्याने माणूस अगदी बरोबर ओळखला होता. पण हे भावोजींना सांगायची सोय नाही. ते लगेच तिसऱ्यांदा चाचणी देतील.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं शिक्षण मध्येच राहिलं असेल, किंवा घरकाम करणाऱ्या बाईंना, ड्रायव्हरला, दुकानातल्या पोऱ्याला पुढे शिकायचं असेल, तर त्यांना नाशिकला पाठवा. रविवारी सकाळी भावोजी घरीच असतात. दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दोन फोटो आणि चार्ज केलेला स्वतःचा फोन एवढं बरोबर असू द्या. काम तासाभरात होतं. फक्त निघताना, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" असं ते विचारतील. उत्तर तयार ठेवा. नाहीतर जेवायला थांबावं लागेल.